सोपा ते मध्यम

हिमालयातल्या बहुतेक ट्रेकच्या माहितीत अगदी वर एक ओळ असते : 'श्रेणी – सोपा ते मध्यम'. ही ओळ कोण लिहितं त्याचा एकदा तपास व्हायला हवा. हा गृहस्थ सोपा भाग चालून झाला की तिथेच बसून लिहायला घेत असावा. उत्तराखंडातल्या 'हर की दून'ला जायचं आम्ही ठरवलं ते याच ओळीच्या भरवशावर. आम्ही अजून नंदुरबारची हद्द ओलांडलेली नाही, आणि सोपा भाग केव्हाच संपला आहे.

हर की दून म्हणजे टोन्स नदीच्या खोऱ्याचं वरचं टोक. सुपिन नावाच्या नदीच्या काठाकाठाने वर जायचं. ओसला गाव लागतं, मग चढ, मग साडेतीन हजार मीटरवरचं कुरण आणि समोर ६२५२ मीटरचं स्वर्गारोहिणी शिखर. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. खाली नेटवाडला रुपिन आणि सुपिन एकत्र येतात तेव्हा टोन्स होते. ही टोन्स पुढे यमुनेला मिळते आणि मिळताना यमुनेपेक्षा जास्त पाणी घेऊन येते. तरी पुढे नाव यमुनेचंच चालतं. हे वाचल्यापासून आमच्या खजिनदारांना टोन्सबद्दल फार आपुलकी वाटू लागली आहे. ते एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहेत आणि संस्थेच्या अहवालावर फोटो चेअरमनचा असतो.

आमच्यात खजिनदारांखेरीज आश्रमशाळेवरचे सर आहेत, एस.टी.तून निवृत्त झालेले नाना आहेत, मेडिकल दुकानवाले भाऊ आहेत आणि मी आहे. खजिनदारांकडे अद्याप एक रुपयाही जमा झालेला नाही, पण पद सगळ्यांच्या आधी वाटून झालं. आपल्याकडे देवळाची वर्गणी असो की हिमालय, सुरुवात इथूनच होते.

नियोजनाच्या बैठकीला पहिला तास नकाशावर गेला. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी, नेटवाड करत सांकरीला पोचायला अख्खा दिवस लागतो. सांकरीच्या पुढे जे गाव आहे त्याचं नाव 'तालुका'. त्यावरून नाना आणि सर यांच्यात जो संवाद झाला तो वाचकांनी आपापल्या घरी कल्पावा. नानांनी आयुष्यभर कंडक्टरची बॅग सांभाळलेली असल्यामुळे कोणत्या गावाचं तिकीट फाडायचं हे कळल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत.

मग उंचीचा विषय निघाला. सांकरी, म्हणजे जिथे जीपवाला आपल्याला उतरवून बिडी पेटवतो ती जागा, एकोणीसशे मीटरच्या आसपास आहे. कळसूबाई १६४६ मीटर. आमच्या जिल्ह्याचा मानबिंदू अस्तंभा १३२५ मीटर. म्हणजे ज्या ठिकाणी ट्रेक सुरूसुद्धा झालेला नसतो, चहा व्हायचा असतो आणि कुणाची तरी टोपी जीपमध्ये राहिल्याची बोंब चालू असते, ते ठिकाण अख्ख्या महाराष्ट्राच्या डोक्यावर आहे. शाळेत भूगोलात सगळ्यात उंच म्हणून जे पाठ करून घेतलं त्याचा असा अपमान जीपच्या थांब्याने करावा, याची कुणी दखल घेतलेली नाही.

तारखा ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. हिमालयाचा मोसम कुणीतरी नंदुरबार जिल्ह्याला वगळूनच आखला आहे. एप्रिल ते जून चांगला, सप्टेंबर ते नोव्हेंबर चांगला, मधल्या पावसाळ्यात दरडी कोसळतात म्हणून नको, हिवाळ्यात बर्फ असतं म्हणून दमदार लोकांनीच यावं. आता मे महिना घ्या. मे महिन्यात आमच्याकडे लग्नं असतात. दूरच्या लग्नाला गेलं नाही तर चालतं, पण दूरचं लग्न अशी गोष्ट आमच्याकडे नसते. जूनमध्ये खजिनदारांच्या शेतात पेरणी. सप्टेंबरात गणपती असतात आणि सर गल्लीच्या मंडळाचे सल्लागार आहेत, म्हणजे सल्ला कुणी घेत नाही पण हजेरी लागते. ऑक्टोबरात कापूस वेचणी, त्यानंतर मार्केट यार्डात मिरची यायला लागली की भाऊंच्या घरच्यांना पथारीवर लक्ष ठेवावं लागतं. नंदुरबारचा मिरचीचा बाजार देशात नावाजलेला आहे, गावाबाहेर लाल मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या लांबून दिसतात, आणि तिथे पोतं कमी भरलं तर हर की दूनचं सौंदर्य भरपाई देत नाही. डिसेंबर सुचवला तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. नाना दरवर्षी तिथे घोडे बघायला जातात. घोडा घ्यायचा नसतो. ठेवायला जागा नाही, चारायला पैसे नाहीत. पण बघितला पाहिजे.

सरांची अडचण वेगळी. त्यांना सुट्टी आहे, पण ती त्यांची नाही. शिक्षकाला सुट्टी मिळते ती निवडणूक, सर्वेक्षण, प्रशिक्षण आणि प्रशिक्षणाचं प्रशिक्षण यांमधून उरली तर. 'पंधरा मे चालेल का?' असं विचारलं की ते आकाशाकडे बघतात. तिकडून आदेश येतो अशी त्यांची समजूत आहे आणि अनुभवाने ती बरोबर ठरली आहे.

यात घरचे लोक आले. आपल्याकडे हिमालय म्हणजे केदारनाथ आणि बद्रीनाथ. बाकीचा हिमालय त्यांना टेकू म्हणून उभा आहे. नानांच्या आईंचं वय नव्वदीला टेकलं आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न अहिराणीत टाकला, 'तठे देव कोणता शे?' देव नाही म्हटल्यावर त्यांनी बराच वेळ नानांकडे पाहिलं. एवढे पैसे घालून, एवढं चालून, देव नसलेल्या ठिकाणी जाणारा मुलगा आपल्या पोटी कसा आला, असं ते पाहणं होतं. परिस्थिती सावरावी म्हणून सरांनी ओसल्याच्या लाकडी मंदिराची माहिती दिली. अतिशय जुनं, कोरीवकाम बघण्यासारखं. दुर्दैवाने सर प्रामाणिक आहेत. त्या खोऱ्यात दुर्योधनाला मानणारी गावं असल्याचं अनेकांनी लिहून ठेवलं आहे, आता गावकरी तो सोमेश्वर महादेव असल्याचं सांगतात, अशी पूर्ण माहिती त्यांनी दिली. आजींना महादेव ऐकू आला नाही. दुर्योधन स्पष्ट ऐकू आला. त्यानंतर दोन दिवस नानांना घरी चहा मिळाला नाही.

खरं तर ती वाट पांडवांचीच आहे. स्वर्गारोहिणीवरून ते स्वर्गाला गेले अशी तिथली श्रद्धा. पण बद्रीनाथच्या वर सतोपंथकडे गेलात तर तिथलेही लोक पांडव आमच्याच वाटेने गेले म्हणून सांगतात. म्हणजे रूट कोणता यावर त्या ग्रुपमध्येही एकवाक्यता नव्हती असं धरायला हरकत नाही. पाच भाऊ, द्रौपदी आणि एक कुत्रं असे निघाले. शेवटपर्यंत पोचले ते धर्मराज आणि कुत्रं. पूर्ण करणाऱ्यांचं हे प्रमाण पाहता त्या ट्रेकला 'सोपा ते मध्यम' म्हणणं जरा धाडसाचं आहे.

यावर आजींचं म्हणणं असं की, पांडवांची वाट कशाला धुंडाळता, अश्वत्थामा घरात आहे. घरात म्हणजे जिल्ह्यात. अस्तंभ्याच्या शिखरावर अश्वत्थाम्याचं स्थान आहे. डोक्यावरची भळभळती जखम घेऊन तो सातपुड्यात फिरतो आणि वाटसरूला तेल मागतो, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक पोराने ऐकलेली असते. दिवाळीत तिथे यात्रा भरते. हजारो लोक रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात. पायात स्लीपर, हातात बॅटरी, खांद्यावर पोर. कुणी रक्तदाब तपासत नाही, कुणी पाण्याच्या बाटलीला नळी जोडून घोट घेत नाही, वर पोचल्यावर कुणी कुणाला पदक घालत नाही. आम्ही सगळे तिथे लहानपणापासून गेलेलो आहोत. पण तो ट्रेक नाही. ट्रेकला आगाऊ रक्कम भरावी लागते.

आता रेल्वे. हिमालय उत्तरेला आहे आणि आमची रेल्वे पूर्व-पश्चिम धावते. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार आहे, त्यामुळे उत्तरेला जायचं तर आधी पश्चिमेला सुरत गाठा किंवा पूर्वेला भुसावळ गाठा. थेट उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा आहेत आणि त्यांच्यातून रूळ टाकायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. सुरतेकडून जावं असं नानांचं मत. कारण वाटेत नवापूर स्टेशन लागतं, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथे गाडीतून उतरून एक फोटो काढायचा, की निम्मा परराज्य प्रवास झाल्यासारखाच. भुसावळकडून जावं असं खजिनदारांचं मत, कारण भुसावळला त्यांची बहीण आहे आणि ती डबा आणून देते. हिमालयाला कोणत्या बाजूने जावं यावर आजवर जगभर पुष्कळ विचार झाला आहे, पण वरण-बट्टीच्या डब्याचा मुद्दा त्यात कुणी मांडला होता का, मला शंका आहे.

रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. लोकांना सोयीचं व्हावं म्हणून. पूर्वी चार महिने आधी तिकीट काढता येत होतं, त्यामुळे तारीख ठरवण्यावरून चार महिने आधी भांडण व्हायचं आणि पुढे तीन महिने शांततेत जायचे. आता भांडणही दोन महिन्यांत उरकावं लागतं. शिवाय आमच्यासारख्या मधल्या स्टेशनाच्या वाट्याला जो कोटा येतो त्यात वेटिंगचा नंबर अशा गतीने पुढे सरकतो की हिमनदी बरी. हिमनदीचं निदान मोजमाप होतं आणि त्यावर प्रबंध लिहिले जातात.

सामानाची यादी आली तेव्हा बाहेर त्रेचाळीस अंश तापमान होतं. यादीत थर्मलचे दोन जोड, लोकरीची टोपी, हातमोजे, फ्लीस, जाडं जाकीट, पाय कोरडे राहावेत म्हणून गेटर. दुपारच्या वेळी आम्ही कपड्याच्या दुकानात शिरलो आणि थर्मल मागितले. दुकानदाराने आधी आम्हाला पाणी दिलं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, बोलतो ते नंतर ऐकावं, ही इकडची रीत आहे. पाणी पिऊन झाल्यावरही आम्ही थर्मलच मागतोय हे पाहून त्याने पोऱ्याला माळ्यावर चढवलं. माळ्यावर काय तापमान होतं ते पोऱ्याच्या चेहऱ्यावरून समजलं. खाली आलेल्या खोक्यात एकच माप होतं, ते नानांना आखूड आणि भाऊंना ढगळ. 'घालून बघा,' दुकानदार म्हणाला. नानांनी घालून बघितलं. घालायला पाच मिनिटं लागली. काढायला मात्र दोन माणसं लागली, कारण घामाने ते अंगाला असं चिकटलं की बाही उलटी होऊन डोक्यावर अडकली आणि आतून नाना काहीतरी बोलत होते ते आम्हाला नीट कळेना. दुकानात साड्या बघायला आलेल्या बायका थांबून पाहत होत्या. दुकानदार शेवटी म्हणाला, 'डिसेंबरात या. तिबेटी स्वेटरवाले येतात, त्यांच्याकडे मिळेल.' ट्रेक मे महिन्यात आहे असं सांगितल्यावर त्याने पंखा आमच्याकडे वळवला.

नवे बूट आधी चालवून मुरवावे लागतात, नाहीतर फोड येतात. म्हणून पहाटे फिरायला जायचं ठरलं. शिवाय ट्रेक नेणाऱ्यांची एक अट असते, पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत. हे अंतर आणि ही वेळ कागदावर अत्यंत निरुपद्रवी दिसते. पण अडचण दमाची नाही, गावाची आहे. आमच्याकडे पहाटे घाईने चालणारा माणूस दिसला की त्याचा एकच अर्थ होतो. पहिल्याच वळणावर दूधवाल्याने सायकल थांबवून अत्यंत काळजीने विचारलं, 'का भो, शुगर निंघनी का?' नाही म्हटलं, तर तो समजूतदारपणे हसला. सुरुवातीला सगळे नाहीच म्हणतात. त्या आठवड्यात माझ्या घरी कारल्याचा रस, मेथीचे दाणे आणि जांभळाच्या बियांची पूड अशा भेटी आल्या. सासुरवाडीहून फोन आला की आमच्यापासून लपवलंत याचं वाईट वाटलं. आता भर उन्हाळ्यात पायात घोट्यापर्यंतचे बूट घालून फिरण्याचं कारणही गावाने लावून टाकलं आहे : शुगरवाल्याने पायाला जपावं.

भाऊंच्या दुकानात औषधं आहेत, त्यामुळे उंचीच्या त्रासाची जबाबदारी त्यांनी आपण होऊन घेतली. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोज झोपायची उंची साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, नाहीतर हवेतल्या कमी दाबाने डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, रात्री झोप लागत नाही. हे त्यांनी वाचून दाखवलं. नाना म्हणाले, 'हे तर मला इथेच होतं.' भाऊ यावर तीन प्रकारच्या गोळ्या काढून बसले. डायमॉक्स आधीपासून घ्यावी की त्रास झाल्यावर, सल्फाची ॲलर्जी कुणाला आहे, गोळीने लघवी वारंवार होते तर तंबूतून रात्री बाहेर किती वेळा यावं लागेल, आणि तंबूत चेनजवळ कुणी झोपायचं. या शेवटच्या मुद्द्यावर बैठक तहकूब झाली.

पाठीवर किती वजन घ्यावं याचेही नियम आहेत. नऊ-दहा किलो. जास्त झालं तर खेचरावर, आणि खेचराचे वेगळे पैसे. आता नऊ किलोमध्ये झोपण्याचं, नेसण्याचं आणि पावसाचं सामान बसवल्यावर खाण्याला दीड किलो उरतो. आमच्या घरच्यांनी यादी केली ती अशी : बिबडे, दादरच्या ज्वारीची भाकरी कडक करून, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, धडगावचं आमचूर, भाजीसाठी तिखट शेव, आणि वर 'तिकडचे लोक बिचारे अळणी खातात' म्हणून नंदुरबारी मिरचीची पूड दोन पाकिटं. ट्रेकच्या जेवणात राजमा, भात आणि खिचडी असते हे कळल्यावर पूड चार पाकिटं झाली. यावर नियम असा की अभयारण्यात प्लास्टिक नेऊ नये. ते अभयारण्य १९५५ सालचं आहे, हिमबिबट्याचं घर आहे, नियम योग्यच आहे, आणि आमच्याकडे मिरचीपूड कापडी पिशवीत घालून प्रवास केलेल्या माणसाची दूरवर ओळख पटते.

नर्मदा परिक्रमेच्या जुन्या वर्णनांत वजनाचा हा प्रश्न फार सरळ सुटलेला आहे. परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीत शिरले की वाटेत त्यांचं सगळं सामान लुटलं जाई आणि उरलेलं अंतर ते लंगोटीवर चालत. ही झाडी म्हणजे नर्मदेच्या दोन्ही काठांचा डोंगराळ भाग, आणि तिचा महाराष्ट्रातला हिस्सा आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत आहे. राज्याच्या हद्दीला नर्मदा जेमतेम चौपन्न किलोमीटर लागते, आणि ती सगळी आमच्या जिल्ह्यात. पुण्यामुंबईची माणसं काठी आणि कमंडलू घेऊन, कितीतरी महिने रजा टाकून इथून चालत जातात. आम्ही त्यांना बस स्टँडवर पाहतो आणि विचारतो, कुठून आलात? मग आपण हर की दूनला जाणार असल्याचं सांगतो. त्यांना आमचं कौतुक वाटतं आणि आम्हाला त्यांचं.

आता त्या खोऱ्यात झाडीही फार उरलेली नाही आणि जुनी वाटही नाही. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरवर गेली, महाराष्ट्रातल्या ३३ गावांपर्यंत तिचं पाणी पोचलं, आणि जिथे नाले उतरून पलीकडच्या पाड्यावर जाता येई तिथे आता बोट लागते किंवा डोंगराला वळसा. दवाखानाही बोटीवरचा आहे. पाण्यापासून लांब, वर डोंगरात असलेल्या पाड्यावर कुणी आजारी पडलं आणि रस्ता नसला की बांबूला झोळी बांधतात. पुढे खांदा, मागे खांदा, दमले की बदली. उतार, ओढा, परत चढ, मग कुठेतरी गाडी मिळते. या माणसांच्या वजनावर नऊ किलोची मर्यादा नाही. त्यांना पोर्टरही म्हणत नाहीत. नातेवाईक म्हणतात. त्या वाटांना अजून कुणी श्रेणी दिलेली नाही, त्यामुळे त्या सोप्या आहेत की मध्यम हे सांगता येणार नाही.

सरांना यातली बरीच वाट पाठ आहे. १३ मे २०२४ रोजी नंदुरबारात लोकसभेचं मतदान होतं. त्या वेळी त्यांची ड्युटी नदीकाठच्या एका केंद्रावर लागली. अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातलं पहिलं मतदान केंद्र, हे वर्तमानपत्रं दर निवडणुकीला फोटोसकट छापतात. सरांचं केंद्र इतकं प्रसिद्ध नव्हतं. आधी गाडी, मग बोट, मग मतदान यंत्र डोक्यावर घेऊन टेकडी, रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, दुसऱ्या दिवशी मतदान, आणि सगळं मोहोरबंद करून परत तीच टेकडी, तीच बोट. त्रेचाळीस अंशांत. थर्मल न घालता. पायात चामड्याची चप्पल होती, कारण निवडणूक कामाला साधारण नीटनेटकं जावं अशी त्यांची समजूत.

हे सगळं आठवायचं कारण, ट्रेक नेणाऱ्या कंपनीचा फॉर्म. कंपनीचं नाव घेण्याचं कारण नाही, फॉर्म सगळ्यांचे सारखेच असतात. आधारच्या प्रती हव्या होत्या, त्याला आम्ही घाबरलो नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या जिल्ह्यातल्या टेंभलीत, खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते दिलं गेलं, तेव्हा या कागदाशी आमची ओळख इतरांपेक्षा जुनी आहे. नानांचा आधारवरचा फोटो कुणाचा आहे हे मात्र अजून निश्चित झालेलं नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्रही मिळालं. डॉक्टरांनी 'कशासाठी?' विचारलं, हिमालय म्हटल्यावर त्यांनी एकदम सही केली आणि आपल्यालाही यायचं आहे असं सांगितलं. त्यांना ग्रुपमध्ये घेण्यावरून सध्या वेगळा वाद चालू आहे.

अडकलं ते 'पूर्वानुभव' या रकान्यात. किमान दोन दिवसांचा ट्रेक केल्याचा पुरावा जोडा. सरांनी निवडणुकीचं सगळं लिहिलं. बोट लिहिली, टेकडी लिहिली, यंत्राचं वजन लिहिलं, आणि निवडणूक कामाच्या नियुक्तीपत्राची प्रत जोडली, ज्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाचा गोल शिक्का आहे. नानांनी अस्तंभ्याच्या यात्रा लिहिल्या, पुरावा म्हणून आईंचं नाव दिलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. अतिशय गोड आवाज. म्हणाली, 'सर, हे गव्हर्न्मेंटचं लेटर आहे ना, हे आम्हाला चालणार नाही. ट्रेकिंग ऑर्गनायझेशनचं सर्टिफिकेट लागेल.' सरांनी विचारलं, ते कुठून आणायचं? तर तिने सांगितलं की काळजी करू नका, आमचीच एक वीकेंड बॅच आहे, दोन दिवस-एक रात्र, सर्टिफिकेट त्यातच. जंगल, व्ह्यू पॉइंट, तंबूतला मुक्काम, ट्रायबल जेवण. श्रेणी सोपी ते मध्यम.

'कुठे?' सरांनी विचारलं.

'तोरणमाळ, सर. सातपुड्यात आहे. नंदुरबार डिस्ट्रिक्ट. तुम्ही ऐकलं नसेल, खूप ऑफबीट आहे.'

सरांची आश्रमशाळा तोरणमाळच्या वाटेवर आहे. त्यांनी तसं सांगितलं आणि आम्ही थेट तिथेच येऊन थांबतो असं सुचवलं. तिने आत कुणाला तरी विचारलं. मग परत फोनवर येऊन सांगितलं की सॉरी सर, पिकअप फक्त पुण्याहून आहे, शिवाजीनगर, शुक्रवारी रात्री साडेनऊ. मधून चढलेल्या माणसाला इन्शुरन्स लागू होत नाही, आणि इन्शुरन्स नसेल तर सर्टिफिकेट निघत नाही.

खजिनदारांनी हिशेब केला. गुरुवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नंदुरबारहून पुण्याला जायचं, शुक्रवारचा दिवस तिथे काढायचा, रात्री कंपनीच्या बसने परत नंदुरबार जिल्ह्यात यायचं. रविवारी ट्रेक संपल्यावर बस आम्हाला पुण्यालाच सोडणार, कारण ड्रॉपही तिथेच आहे. सोमवारी रात्री पुण्याहून निघून मंगळवारी सकाळी घरी. सरांनी दोन दिवसांची रजा टाकली आहे. डबा या वेळी पुण्याला नाना आणतील असं ठरलं, त्यांची पुतणी कोथरूडला असते. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये खालचे दोनच बर्थ शिल्लक आहेत, आणि गुडघ्याचं कारण आमच्यातल्या तिघांनी सांगितलं आहे.